मार्गदर्शक योजना म्हणजे मोफत शिकवणी नव्हे

महाविद्यालयातील मार्गदर्शक योजना, म्हणजे प्राध्यापकांकडे काही-काही विद्यार्थी सोपवण्याची पद्धत, ही अभ्यासात कच्च्या मुलांसाठीची मोफत शिकवणी आहे, असा समज रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अनेक पालकांमध्ये वर्षानुवर्षे आहे. तो चुकीचा आहे. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचे जे प्रमाण विचारले जात आले आहे, ते केवळ नापासांपुरते नसून सर्वच विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक आणि इतर संबंधित प्रश्नांसाठी असते, आणि माझ्या मते पदवी अनेकदा या ‘इतर’ प्रश्नांपाशीच अडते.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये सुरू केलेल्या ‘असॅप’ उपक्रमात नियमित समुपदेशनाबरोबर शुल्कसवलत, पुस्तकांचा खर्च आणि प्रवासाचा पासही दिला जातो. विद्यार्थ्यांचे सोडत पद्धतीने दोन गट पाडून घेतलेल्या चाचणीत 3 वर्षांत उपक्रमातील 40 टक्के, तर इतरांपैकी 22 टक्के विद्यार्थ्यांनी पदवी मिळवली.

प्रवासाच्या पासाचे मोल कोकणाला सांगायला नको. दुपारची एसटी चुकली तर घरी पोहोचायला रात्र होते, म्हणून एखादी मुलगी शेवटचा तास रोज सोडते, हजेरी कमी भरते आणि परीक्षेचा अर्ज अडतो. गणित येत नाही म्हणून नव्हे. तिचे हजेरीपत्रक वेळीच पाहून तिला बोलावणे, घरी फोन करणे, एटीकेटीच्या (काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात जाण्याची मुभा) अर्जाची शेवटची तारीख आठवणीने सांगणे, हेच मार्गदर्शक प्राध्यापकाचे खरे काम आहे.