एनएफएल प्लेऑफ पात्रता व डिव्हिजन क्रमवारी

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्या साखळी हंगामानंतर बाद फेरीसाठी, म्हणजे प्लेऑफसाठी, संघ निवडण्याची ही पद्धत आहे. लीगचे ३२ संघ एएफसी आणि एनएफसी या दोन कॉन्फरन्समध्ये विभागले आहेत. प्रत्येक कॉन्फरन्समध्ये ईस्ट, नॉर्थ, साउथ व वेस्ट अशा चार डिव्हिजन आणि प्रत्येक डिव्हिजनमध्ये चार संघ असतात. प्रत्येक कॉन्फरन्समधून चार डिव्हिजन विजेते आणि उरलेल्या बारा संघांतले सर्वोत्तम तीन, म्हणजे वाइल्ड कार्ड संघ, असे सात संघ प्लेऑफला जातात. डिव्हिजन जिंकणारा संघ बाहेरच्या कोणाशीही तुलना न होता आत येतो. या पद्धतीची रंगत आणि तिच्यावरची बहुतेक टीका, दोन्हींचे मूळ या एका तरतुदीत आहे.

उगम : १९२० मध्ये लीग सुरू झाली तेव्हा प्लेऑफ नव्हते, क्रमवारीत जो वर, तो विजेता. सामन्यांची संख्याही सर्वांना सारखी नसे, त्यामुळे वाद अटळ होते. १९२१ मध्ये बफेलोने शिकागोच्या स्टॅलीज संघाला ७-६ असे हरवले. ४ डिसेंबरच्या फेरसामन्यात स्टॅलीज १०-७ ने जिंकले. हा दुसरा सामना केवळ प्रदर्शनीय होता, असे बफेलोचे म्हणणे. लीगने तो धरला आणि दोन संघांत दोन सामने झाल्यास नंतरच्याला अधिक वजन, या तत्त्वावर विजेतेपद स्टॅलीजना दिले. सामना प्रदर्शनीय असल्याचे बफेलोच्या मालकांनी आधीच जाहीर केले होते, हे लक्षात घेता त्यांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. तरी बरोबरी फोडण्यासाठी परस्पर सामन्याकडे पाहण्याची रीत इथपासून दिसते.

१९३२ चा प्रसंग अधिक निर्णायक आहे. शिकागो बेअर्स (६ विजय, १ पराभव, ६ बरोबरी) आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स (६-१-४) यांचे विजयाचे प्रमाण सारखे निघाले, कारण त्या काळी बरोबरीचे सामने हिशेबातूनच वगळत. दोघांतले दोन्ही सामनेही बरोबरीत सुटलेले. तेव्हा १८ डिसेंबरला जादा सामना ठेवला गेला. कडाक्याच्या थंडीमुळे तो शिकागो स्टेडियमच्या छताखाली, आखूड केलेल्या मैदानावर झाला आणि बेअर्सनी ९-० असा जिंकला. अनेक लेखक याला पहिला प्लेऑफ म्हणतात. पण लीगने तो साखळीच्याच तक्त्यात धरला आणि हरलेले स्पार्टन्स ६-२-४ होऊन ग्रीन बे पॅकर्सच्या (१०-३-१) खाली, तिसऱ्या स्थानावर गेले. त्यामुळे बरोबरी फोडण्यासाठी जोडलेला साखळी सामना, हेच त्याचे वर्णन अधिक ग्राह्य वाटते. आजच्या हिशेबाने मोजले तर पॅकर्सचे प्रमाण ०.७५० आणि जादा सामना जिंकूनही बेअर्सचे ०.७१४ भरते, विजेतेपद पॅकर्सकडे गेले असते.

पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, लीगचे दोन डिव्हिजन करून त्यांच्या विजेत्यांत अंतिम सामना सुरू झाला. डिव्हिजनमध्ये बरोबरी झाली की जादा सामना खेळवीत. १९६७ पासून त्या जागी लेखी नियम आले आणि पहिल्याच वर्षी त्यांचा चटका बाल्टिमोर कोल्ट्सना बसला. कोल्ट्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स दोघेही ११-१-२. परस्परांतला एक सामना २४-२४, दुसरा रॅम्सनी ३४-१० ने जिंकलेला. हंगामात एकच पराभव पत्करलेले कोल्ट्स घरी बसले. १९७० मध्ये एएफएल ही प्रतिस्पर्धी लीग एनएफएलमध्ये विलीन झाल्यानंतर प्रत्येक कॉन्फरन्सला तीन डिव्हिजन व एक वाइल्ड कार्ड मिळाले. प्लेऑफमधील एकूण संघ १९७८ मध्ये दहा, १९९० मध्ये बारा आणि २०२० मध्ये चौदा झाले. आठ डिव्हिजनची सध्याची रचना २००२ ची आहे.

कार्यक्रम आणि प्रमाण : २०२१ पासून प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ सामने खेळतो. डिव्हिजनमधील तिघांशी दोन-दोन असे सहा. आपल्याच कॉन्फरन्सच्या एका डिव्हिजनशी चार. दुसऱ्या कॉन्फरन्सच्या एका डिव्हिजनशी चार. या दोन्ही जोड्या पाळीपाळीने फिरतात. राहिलेले तीन सामने मागील वर्षी आपापल्या डिव्हिजनमध्ये त्याच क्रमांकावर राहिलेल्या संघांशी होतात : दोन आपल्या कॉन्फरन्समधील, एक पलीकडच्या. एकाच डिव्हिजनचे चौघे चौदा सामने जवळपास त्याच प्रतिस्पर्ध्यांशी खेळतात, म्हणून त्यांच्यातली तुलना न्याय्य ठरते. दोन वेगळ्या डिव्हिजनच्या संघांबाबत तसे म्हणता येत नाही. २०१० पासून शेवटच्या आठवड्यात फक्त डिव्हिजनमधले सामने ठेवतात, म्हणजे निकाल शेवटपर्यंत लटकता राहतो.

क्रम गुणांवर नव्हे, विजयाच्या प्रमाणावर लागतो. १९७२ पासून बरोबरी म्हणजे अर्धा विजय व अर्धा पराभव. १०-६-१ असलेल्या संघाचे प्रमाण १०.५ भागिले १७, म्हणजे ०.६१८, तो १०-७ च्या (०.५८८) वर आणि ११-६ च्या (०.६४७) खाली. हा अर्धा विजय किती महागात पडू शकतो हे २०२१ च्या हंगामात दिसले. शेवटच्या रात्री लास व्हेगस रेडर्स आणि लॉस एंजेलिस चार्जर्स यांची बरोबरी झाली असती तर दोघेही आत आणि पिट्सबर्ग स्टीलर्स बाहेर, अशी स्थिती होती. जादा वेळेत ३२-३२ असताना अगदी अखेरच्या क्षणी रेडर्सचा फील्ड गोल (खांबांमधून चेंडू लाथाडून मिळणारे तीन गुण) गेला, ३५-३२ झाले आणि चार्जर्सऐवजी स्टीलर्स पात्र ठरले.

बरोबरी फोडणे : डिव्हिजनमधील दोन संघांचे प्रमाण सारखे असल्यास क्रमाने पुढील कसोट्या लावतात : परस्पर सामने, डिव्हिजनमधील प्रमाण, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे प्रमाण, कॉन्फरन्समधील प्रमाण, विजयांचे बळ (हरवलेल्या संघांचे एकत्रित प्रमाण), कार्यक्रमाचे बळ (सर्व प्रतिस्पर्ध्यांचे एकत्रित प्रमाण). त्यानंतर केलेल्या व दिलेल्या गुणांची क्रमवारी, गुणांतर, टचडाउनमधील (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्यातील) फरक आणि सर्वांत शेवटी नाणेफेक. आयपीएलच्या नेट रनरेटची सवय असलेला वाचक गुणांतर आधी शोधतो. इथे ते इतके खाली आहे की तिथवर जाण्याची वेळ सहसा येत नाही.

२००८ चा एएफसी ईस्ट या शिडीचा उत्तम नमुना आहे. मायामी डॉल्फिन्स आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्स दोघे ११-५. परस्परांत १-१, डिव्हिजनमध्ये ४-२, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध ११-३. तिन्ही पायऱ्यांवर सारखे. चौथ्या पायरीवर मायामी ८-४, न्यू इंग्लंड ७-५. पेट्रियट्सचे पाचही पराभव एएफसीतल्या संघांकडून झाले होते, तर मायामीचा एक पराभव एनएफसीच्या ॲरिझोना कार्डिनल्सकडून. तेवढ्यावर डिव्हिजन गेली. वाइल्ड कार्डसाठी बाल्टिमोर रेव्हन्सही ११-५ होते. त्या वर्षी पेट्रियट्स आणि रेव्हन्स यांची गाठ पडली नव्हती, म्हणून पुन्हा कॉन्फरन्सचे प्रमाण पाहिले गेले आणि तिथेही ८-४ ने रेव्हन्स सरस ठरले. अकरा विजय मिळवून पेट्रियट्स बाहेर, आणि त्याच हंगामात एएफसी वेस्टमध्ये ८-८ चे सॅन दिएगो चार्जर्स विजेते.

वाइल्ड कार्डचा हिशेब वेगळा आणि चुका इथेच होतात. आधी प्रत्येक डिव्हिजनमधील एकच, वरचा संघ तुलनेत उभा करायचा. तो ठरवताना डिव्हिजनचेच नियम लागतात. डिव्हिजनमध्ये खाली ठरलेला संघ, कॉन्फरन्समधील प्रमाण कितीही चांगले असले तरी, आपल्या वरच्याला ओलांडू शकत नाही. एक जागा भरली की मगच त्या डिव्हिजनचा पुढचा संघ रांगेत येतो. कसोट्यांचा क्रमही बदलतो : परस्पर सामन्यांनंतर कॉन्फरन्सचे प्रमाण, मग समान प्रतिस्पर्धी, तेही किमान चार सामने असल्यास. तीन किंवा अधिक संघ असतील तर परस्पर निकाल तेव्हाच धरतात, जेव्हा एकाने बाकी सर्वांना हरवलेले असते किंवा तो सर्वांकडून हरलेला असतो. एखादा संघ गळला की उरलेल्यांचा हिशेब पुन्हा पहिल्या पायरीपासून. अनेकजण गळतीनंतर पुढच्या पायरीवर जातात आणि उत्तर चुकते.

२०१० मध्ये पॅकर्स, न्यूयॉर्क जायंट्स व टँपा बे बकनीअर्स तिघेही १०-६ होते. पॅकर्सनी जायंट्सना हरवले होते, पण बकनीअर्सशी त्यांचा सामनाच झाला नव्हता, म्हणून त्या विजयाचा थेट उपयोग नाही. निर्णय विजयांच्या बळावर झाला, शेवटची जागा पॅकर्सना मिळाली आणि पुढे सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामनाही, त्यांनीच जिंकला. ही कसोटी इतरांच्या निकालांवर हलते. स्वतःचा सामना संपलेला संघही दुसऱ्या शहरातल्या सामन्यामुळे वर-खाली होतो.

मानांकन : डिव्हिजन विजेत्यांना १ ते ४ आणि वाइल्ड कार्ड संघांना ५ ते ७ मानांकन मिळते. पहिल्या क्रमांकाला पुढे चाल, म्हणजे पहिली फेरी खेळावी लागत नाही. बाकी २ विरुद्ध ७, ३ विरुद्ध ६, ४ विरुद्ध ५, आणि सामना वरच्या मानांकनाच्या मैदानावर. पुढील फेरीत पहिल्या क्रमांकासमोर उरलेल्यांतला सर्वांत खालचा येतो. डिव्हिजन विजेत्याचे मानांकन नेहमी वाइल्ड कार्डच्या वर, म्हणूनच २०१० मध्ये ७-९ च्या सिॲटल सीहॉक्सना ११-५ च्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्ध घरचे मैदान मिळाले, आणि ते ४१-३६ ने जिंकलेही. २०२४ मध्ये १४-३ असे खेळूनही मिनेसोटा व्हायकिंग्स, १५-२ च्या डेट्रॉइट लायन्समुळे, पाचव्या मानांकनावर राहिले. त्यानंतर खुद्द लायन्सनीच मानांकन प्रमाणावर द्यावे असा प्रस्ताव मांडला. २०२५ मध्ये तो मागे घेतला गेला. त्यातही डिव्हिजन विजेत्याची पात्रता अबाधित होती. पात्रता डिव्हिजनवर आणि मैदान प्रमाणावर, ही विभागणी सध्याच्या नियमापेक्षा अधिक न्याय्य दिसते.

अपवाद : १९८२ च्या संपामुळे नऊच साखळी सामने झाले, तेव्हा डिव्हिजन बाजूला ठेवून प्रत्येक कॉन्फरन्सचे पहिले आठ संघ घेतले. २०२२ च्या हंगामात मैदानावर कोसळलेल्या खेळाडूमुळे थांबलेला बफेलो बिल्स व सिनसिनाटी बेंगॉल्स सामना रद्द झाला. बिल्स १३-३ (०.८१३) आणि कॅन्सस सिटी चीफ्स १४-३ (०.८२४) अशी तुलना उरली. या दोघांत एएफसीचा अंतिम सामना झाल्यास तो त्रयस्थ मैदानावर घ्यावा, असे संघमालकांनी ठरवले. पण बेंगॉल्सनी बिल्सना आधीच हरवल्याने ती तरतूद वापरावी लागली नाही.