स्नायपरची कादंबरी घरी नेताय? मग हे पत्रक आधी वाचा

नमस्कार मंडळी,

आपल्या लायब्ररीतला युद्धकथांचा कप्पा सध्या जोरात फिरतोय आणि त्यातही स्नायपरच्या, म्हणजे दडून बसून लांबून नेम धरणाऱ्या सैनिकाच्या, कादंबऱ्यांना वेटिंग लागलंय. बहुतेक कादंबऱ्या स्टालिनग्राडच्या, थोड्या पहिल्या महायुद्धाच्या. पुस्तक परत करताना काउंटरवर ठरलेले प्रश्न येतात, की हा वासिली झायत्सेव खरंच होता का, तो जर्मन मेजर खरा का, बायका खरंच स्नायपर होत्या का, आणि आमच्या नववीतल्या मुलाला हे द्यावं का. संध्याकाळच्या गर्दीत धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक पुस्तकाच्या पिशवीतच टाकतोय. शेवट कुठलाच फोडलेला नाही, निर्धास्त वाचा.

आधी ते शहर नीट समजून घ्या

स्टालिनग्राड म्हणजे रशियातलं आजचं व्होल्गोग्राड, दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि सोव्हिएत फौजा जिथे भिडल्या ते. व्होल्गा नदीच्या पश्चिम काठाला धरून लांबच लांब पसरलेलं आणि रुंदीला अगदी कमी असं शहर. उत्तरेला ट्रॅक्टरचा कारखाना, मग बॅरिकेड्स हा तोफांचा कारखाना, मग रेड ऑक्टोबर पोलाद कारखाना, मध्ये मामायेव कुर्गान ही टेकडी, दक्षिणेला धान्याचं ते प्रचंड एलेव्हेटर, म्हणजे उंच कोठार. कादंबरीत ही नावं सारखी येतात आणि नकाशा डोक्यात नसला तर शंभर पानांत वाचणारा हरवतो, म्हणून आम्ही हाताने काढलेला एक साधा नकाशा पिशवीत ठेवलाय, तो शेजारी उघडून ठेवा.

२३ ऑगस्ट १९४२ ला जर्मन विमानांनी शहरावर तुफान बॉम्बफेक केली आणि मैलोन्‌मैल नुसते ढिगारे उरले. आता गंमत बघा, ते ढिगारेच लपणाऱ्याच्या कामाचे. पडलेल्या भिंती, वाकलेले पत्रे, तळघरं, पाइप, फुटक्या खिडक्या, दडून बसायला हजार जागा. रणगाड्यांना मात्र रस्ताच उरला नाही. सप्टेंबरमध्ये शहर लढवणाऱ्या सोव्हिएत ६२ व्या आर्मीची सूत्रं जनरल चुइकोव्हकडे आली आणि त्याने ठरवलं की जर्मनांना इतकं चिकटून राहायचं की त्यांच्या विमानांना बॉम्ब टाकायचीच सोय राहू नये, टाकला तर त्यांच्याच माणसांवर पडेल. त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकांपासून रस्त्याच्या रुंदीएवढ्या, कधी एका भिंतीच्या अंतरावर. अशा ठिकाणी जो दिवसभर न हलता बसू शकतो आणि बरोबर वेळेला एकच गोळी झाडतो त्याची किंमत एकदम वाढते. स्टालिनग्राडमध्ये एवढे स्नायपर का, याचं उत्तर हे आहे. चांगल्या लेखकाला हे कळलेलं असतं, त्याच्या कादंबरीत शहर पहिल्या प्रकरणापासून कामाला लागतं.

झायत्सेव खरा, पुढचं जरा जपून

वासिली झायत्सेव पूर्णपणे खरा माणूस. उरल भागात जन्म, आजोबांकडून शिकार शिकलेला, युद्धाआधी पॅसिफिक फ्लीटमध्ये व्लादिवोस्तोकला हिशेबाचं काम करणारा. सप्टेंबर १९४२ मध्ये २८४ व्या रायफल डिव्हिजनबरोबर तो व्होल्गा ओलांडून आला. १० नोव्हेंबर ते १७ डिसेंबर एवढ्या दिवसांत त्याच्या नावावर २२५ शत्रुसैनिक मारल्याची नोंद झाली. जानेवारी १९४३ मध्ये स्फोटात डोळ्यांना जबर इजा झाली, उपचारांनी दृष्टी वाचली, फेब्रुवारीत सोव्हिएत युनियनचा हीरो हा किताब मिळाला. युद्धानंतर कीव्हला कापडाच्या कारखान्यात काम केलं, १९९१ च्या डिसेंबरमध्ये गेला, आणि २००६ मध्ये त्याच्या इच्छेप्रमाणे मामायेव कुर्गानवर त्याला पुन्हा दफन केलं.

आता ते प्रसिद्ध द्वंद्व. जर्मनांनी बर्लिनहून खास स्नायपर शाळेचा प्रमुख मागवला, मेजर कोनिग, आणि काही दिवस दोघं एकमेकांना शोधत होते, ही हकिगत झायत्सेवच्या स्वतःच्या आठवणींतून आली. एका मोडक्या रणगाड्याच्या आणि बंकरच्या मधे पडलेला लोखंडी पत्रा, त्याखाली तो बसलेला, असं सगळं तपशीलवार सांगितलंय, आणि त्या जर्मनाचा म्हणून सांगितलेला स्कोप, म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण, मॉस्कोच्या लष्करी संग्रहालयात ठेवलेला आहे. पण अशा मेजरचा पत्ता जर्मन कागदपत्रांत लागलेला नाही, आणि अँटनी बीव्हरसारख्या इतिहासकाराने हे द्वंद्व म्हणजे प्रचाराची कथा असं स्पष्टच मांडलंय. आमचं मत विचाराल तर दोघांपैकी एकाची बाजू घेत बसू नका. सोव्हिएत वर्तमानपत्रं त्या काळात स्नायपरचे आकडे रोज छापत होती, सैनिकांना उभारी द्यायला ते हवं होतं, आणि अशा वातावरणात खऱ्या गोष्टीला पंख फुटणं अगदी साहजिक आहे. कादंबरीकाराने द्वंद्व घेतलं म्हणून तो खोटारडा होत नाही, फक्त तुम्ही तो भाग इतिहास म्हणून कुणाला सांगू नका.

आकड्यांचंही तेच. सोव्हिएत स्नायपरजवळ नोंदीची वही असायची, कुणीतरी बघितलेलं लागायचं, पण समोरच्या ढिगाऱ्यात पडलेला माणूस मेला की जखमी झाला हे दोनशे मीटरवरून कोण छातीठोक सांगणार?

मुलींबद्दल

बायका स्नायपर होत्या, आणि थोड्याथोडक्या नाही. ल्युदमिला पाव्लिचेंको कीव्ह विद्यापीठात इतिहास शिकत होती, युद्ध सुरू झालं आणि ती ओदेसा आणि सेवास्तोपोलला लढली, तिच्या नावावर ३०९ ची नोंद आहे, जखमी झाल्यावर १९४२ मध्ये तिला अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवलं आणि ती व्हाइट हाउसमध्ये रूझवेल्टना भेटली. पण ती स्टालिनग्राडला नव्हती, ही गल्लत वाचकांची नेहमी होते. मॉस्कोजवळ पोदोल्स्कला खास मुलींसाठी जी स्नायपर शाळा निघाली तीसुद्धा १९४३ ची, म्हणजे स्टालिनग्राड संपल्यानंतरची. तेव्हा स्टालिनग्राडच्या कादंबरीत ढिगाऱ्यातली प्रेमकथा आली तर ती वाचा, आवडून घ्या, आम्हालाही काही आवडल्यात, पण ती बरीचशी लेखकाची समजा.

बंदुकीचं थोडं, म्हणजे वाचताना अडणार नाही

बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळणारी मुलं काउंटरवर येऊन आम्हालाच कार नाइन्टीएट ही रायफल समजावतात, आणि खरं सांगायचं तर त्यांची उत्सुकता आम्हाला आवडते. जर्मन बाजूला तीच रायफल, रशियन बाजूला मोसिन नागांत. गेममध्ये सहा पट, आठ पट स्कोप मिळतात, इथे मोसिनवरचा पीयू स्कोप साडेतीन पट आणि जर्मन स्कोप साधारण चार पट, एवढंच. मोसिनमध्ये पाच गोळ्या बसतात, एरवी क्लिप, म्हणजे गोळ्यांची पट्टी, लावून पाचही एका झटक्यात आत ढकलता येतात, पण वर स्कोप बसवला की क्लिप लावायला जागाच राहत नाही, एकेक गोळी बोटाने आत सारायची. उणे वीस तापमानात हे करून बघायची नुसती कल्पना करा. स्कोप लावल्यावर बोल्टची, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या दांड्याची, सरळ मूठसुद्धा आडवी येते, म्हणून स्नायपरच्या रायफलची मूठ खाली वाकवलेली असते, एखाद्या पुस्तकाच्या कव्हरवर स्कोप आणि सरळ मूठ एकत्र दिसली तर चित्रकाराने अभ्यास केलेला नाही.

आवाजाचं गणित कळलं तर अर्धी कादंबरी उलगडते. गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने निघते. ४०० मीटरवर ती अर्ध्या सेकंदाहून जराशा जास्त वेळात पोचते आणि बंदुकीचा आवाज यायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. म्हणजे ज्याला लागली त्याला आवाज ऐकूच येत नाही, त्याच्या शेजारच्याला आधी गोळीचाच चाबकासारखा कडाका आणि मग लांबून बंदुकीचं धप्प असे दोन आवाज येतात, आणि मुरलेला सैनिक त्या दोन आवाजांमधल्या वेळेवरून अंतर ताडतो. कादंबरीत "ठो आवाज ऐकून तो खाली वाकला आणि वाचला" असं आलं तर लेखकाला जरा कमी मार्क द्या.

थंडीचंही असंच. काडतुसातली दारू थंड असली की जरा सावकाश जळते, गोळी थोडी खाली पडते, श्वासाची वाफ दिसते, काचेवर दव धरतं. फिनलंडच्या सिमो हायहाने १९३९–४० च्या हिवाळी युद्धात स्कोप वापरलाच नाही, कारण स्कोपसाठी डोकं वर काढावं लागतं आणि काच चमकते. तो तोंडात बर्फ धरायचा म्हणजे वाफ दिसणार नाही, आणि बंदुकीच्या तोंडापुढचा बर्फ दाबून पक्का करायचा म्हणजे गोळी सुटल्यावर भुरका उडणार नाही. अशी एक ओळ कादंबरीत सापडली की लेखकाने घाम गाळलाय हे लगेच कळतं.

आम्ही चांगली कादंबरी कशी ओळखतो

आमचं ठाम म्हणणं आहे की स्नायपरची कादंबरी ही बघण्याची आणि वाट बघण्याची कादंबरी असते. गोळी झाडणं एका ओळीत संपतं. त्याआधीचे नऊ तास लेखकाला लिहिता आले पाहिजेत, म्हणजे काल तिथे वीट नव्हती आज कुठून आली, तो पत्रा सकाळपेक्षा बोटभर सरकलाय का, आपल्या मागची भिंत कुठल्या रंगाची आहे. वासिली ग्रोसमन हा बातमीदार स्टालिनग्राडमध्ये राहिला होता आणि त्याने अनातोली चेखोव नावाच्या अगदी पोरसवदा स्नायपरबद्दल लिहून ठेवलंय, तो पांढरी भिंत मागे राहील असं बसायचा म्हणजे गोळीचा लोळ उठून दिसणार नाही, आणि त्याच्यासमोर यायची ती पाणी आणायला निघालेली माणसं. इथे वाचणाऱ्याच्या पोटात तुटतं. तोफ डागणाऱ्याला समोरचा दिसत नाही, स्नायपरला चेहरा दिसतो, त्याची दाढी वाढलीय, त्याच्या हातात बादली आहे हे दिसतं. ज्या कादंबरीत समोरचा माणूस नुसता एक नंबर असतो ती आम्ही विकत घेत नाही, कपाटात जागा कमी आहे.

आणखी एक, जोडीदार. स्नायपर बहुतेक वेळा एकटा नसतो, एक बघतो, एक झाडतो, आणि बघणाऱ्याचं काम डोळ्यांना जास्त थकवणारं असतं म्हणून ते अदलाबदल करतात. या दोघांचं नातं ज्याला जमलं त्याची कादंबरी जमली.

स्टालिनग्राड वाचून झालं की पुढे काय

पहिल्या महायुद्धाकडे या. तिथे सुरुवातीला जर्मन स्नायपर वरचढ होते, खंदकातून डोकं वर आलं की खलास. मग हेस्केथ-प्रिचर्ड नावाच्या ब्रिटिश शिकाऱ्याने याच्यावर डोकं चालवलं. कागदाच्या लगद्याची माणसाची डोकी करून घेतली, लाकडी पट्टीच्या खाचेत बसवून हळूच वर सरकवायची, काहींच्या तोंडात सिगारेट आणि रबराच्या नळीने खालून कुणीतरी झुरके मारायचा. समोरून गोळी आली की डोक्याला दोन छिद्रं पडायची, पुढचं आणि मागचं. मग त्याच उंचीवर पेरिस्कोप धरून त्या दोन छिद्रांच्या रेषेत बघायचं, समोर बरोबर तो जर्मन जिथे बसलाय ती जागा. १९१६ मध्ये फ्रान्समध्ये त्याने स्नायपिंगची शाळाच काढली.

याच युद्धातला कॅनडाचा फ्रान्सिस पेगामागाबो, ओजिब्वे जमातीचा, त्याच्या नावावर ३७८ ची नोंद आणि मिलिटरी मेडल तीनदा मिळालेलं. तो घरी परतला तर इंडियन एजंटच्या, म्हणजे आदिवासींवर नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, परवानगीशिवाय साधे व्यवहार करायची मुभा नाही, पुढची कितीतरी वर्षं तो जमातीच्या हक्कांसाठी भांडत राहिला. आमच्याकडे कॅनडाच्या आदिवासी स्नायपरवरची जी कादंबरी आहे ती हातात घ्यायच्या आधी एवढं माहीत असू द्या, ती निम्मी युद्धाची आणि निम्मी घरी परतण्याची आहे.

आपल्याकडच्या फौजी घरांतले वाचक विचारतात म्हणून सांगतो, आपल्या सैन्यात वर्षानुवर्षं वापरलेली द्रागुनोव रायफल ७.६२ च्या ज्या गोळीवर चालते ती मोसिनचीच गोळी आहे, एकोणिसाव्या शतकातली. आणि आपल्या जवानांचं स्नायपर ट्रेनिंग महूच्या इन्फंट्री स्कूलमध्ये होतं. निवृत्त फौजी वाचकांपैकी कुणाला शनिवारी संध्याकाळी येऊन चार शब्द बोलायचे असतील तर जरूर कळवा, चहा आमच्याकडून.

मुलांना द्यावं का

सोळाच्या आत नको असं आम्ही सुचवतो. रक्तापेक्षा उपासमार, लहान मुलांचे मृत्यू आणि बायकांवरचे अत्याचार या भागांमुळे. नववी-दहावीतल्या मुलाने हट्टच धरला तर आधी तुम्ही वाचा आणि मग दोघं बोला. लहानांसाठी त्याच कप्प्यात स्टालिनग्राडवरची सचित्र पुस्तकं आहेत, ती मागा.

वेटिंग असलेल्या पुस्तकांना मुदतवाढ देता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या. जाड कादंबरी असेल तर नेतानाच सांगा, मुदत आधीच वाढवून देतो. नकाशा पुस्तकाबरोबर परत करा, पेनाने खुणा करू नका, पेन्सिलीने केल्या तर चालतील, मागच्या वाचकाने केलेल्या खुणा पुढच्याला उपयोगी पडतात असं दिसलंय. पुढचं कुठलं घ्यावं कळत नसेल तर व्हॉट्सॅपवर आधी वाचलेल्या दोन पुस्तकांची नावं टाका, आम्ही काढून ठेवतो.