एकोणऐंशीव्या क्रमांकाचा खेळाडू: ड्राफ्टच्या मधल्या फेरीचे गणित

जून २०१४ मध्ये फिलाडेल्फिया शहरात नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेचा, वार्षिक ड्राफ्ट, म्हणजे नवोदित खेळाडू पाळीपाळीने निवडण्याचा कार्यक्रम, भरला होता. तिसऱ्या फेरीत टँपा बे लायटनिंग या संघाकडे ऐंशीवा क्रमांक होता. त्यांनी मिनेसोटा वाइल्ड संघाला तो क्रमांक आणि सोबत सातव्या फेरीतील आपली एक निवड देऊन एकोणऐंशीवा क्रमांक घेतला, म्हणजे फक्त एक जागा पुढे सरकण्यासाठी किंमत मोजली. त्या जागेवर त्यांनी कॅल्गरीचा ब्रेडन पॉइंट हा पाच फूट दहा इंच उंचीचा सेंटर, म्हणजे मधल्या जागेवरचा आघाडीपटू, निवडला. पुढे २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे टँपाने लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कप जिंकला आणि दोन्ही वर्षांच्या प्लेऑफमध्ये पॉइंटने प्रत्येकी १४ गोल केले. २०२२-२३ च्या हंगामात तर त्याच्या नावावर ५१ गोल होते. त्याच्या आधी ७८ खेळाडूंची नावे पुकारली गेली होती, आणि ती पुकारणाऱ्या प्रत्येक संघाकडे वर्षभर गावोगावच्या रिंकवर बसून टिपणे काढणारे स्काउट होते.

या लीगमध्ये आज ३२ संघ आहेत आणि ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत वयाची १८ वर्षे पूर्ण करणारे खेळाडू त्यात प्रथम पात्र ठरतात. आयपीएलच्या लिलावासारखी येथे पैशांची बोली नसते. दुबळ्या संघाला आधी आणि बलाढ्य संघाला नंतर अशी पाळी ठरलेली असते, आणि ज्याने नाव घेतले त्याच्याकडे त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क काही वर्षे राहतो. पहिल्या फेरीतील नावे बहुतेकांना आधीच ठाऊक असतात. चाहत्यांचा खरा वाद रंगतो तो तिसऱ्या ते पाचव्या फेरीवर, म्हणजे साधारण ६५ ते १६० या क्रमांकांवर. आपल्या संघात बचावपटू कमी आहेत तर बचावपटूच घ्यावा, असे एक म्हणतो. धिप्पाड खेळाडू घ्या, प्लेऑफमध्ये तेच टिकतात, असे दुसरा सांगतो. तिसऱ्याला ती निवड देऊन आजच उपयोगी पडणारा अनुभवी खेळाडू हवा असतो. या प्रत्येक मताची पारख करायला संख्याशास्त्र मदत करते आणि त्याचे उत्तर अनेकदा सहजबुद्धीच्या विरुद्ध जाते.

संघाच्या आजच्या गरजेचा मुद्दा सर्वांत लवकर निकालात निघतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीत निवडलेला अठरा वर्षांचा मुलगा सर्वोच्च लीगमध्ये उभा राहायला साधारणपणे तीन ते पाच वर्षे घेतो, आणि संख्याशास्त्रीय अभ्यासांनुसार आघाडीचा खेळाडू सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी बहरात असतो, बचावपटू त्याहून थोडा उशिरा. आज बचावफळीत दिसणारे भगदाड तोवर करार, दुखापती आणि अदलाबदलींनी कितीदा तरी बदललेले असेल. त्यामुळे गरज पाहून केलेली निवड ही प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेल्या संघासाठी केलेली निवड ठरते.

ड्राफ्टमधील प्रत्येक क्रमांकाची किंमत काय, हा प्रश्न अमेरिकेतील सेंट लॉरेन्स विद्यापीठात दीर्घकाळ काम केलेले संख्याशास्त्रज्ञ मायकेल शकर्स यांच्यासह अनेकांनी जुन्या ड्राफ्टची आकडेवारी घेऊन तपासला आहे. त्या त्या क्रमांकाचे खेळाडू पुढे किती सामने खेळले, याचा आलेख काढला तर तो पहिल्या दहा-पंधरा जागांत कड्यासारखा खाली कोसळतो, मग उतार सौम्य होतो आणि तिसऱ्या फेरीनंतर तो जवळजवळ सपाट पठारासारखा दिसतो. पहिल्या आणि दहाव्या क्रमांकांत अंतर प्रचंड असते, पण नव्वदाव्या आणि एकशे विसाव्या क्रमांकांतील सरासरी फरक नगण्य असतो. या पठारावरील बहुसंख्य खेळाडू लीगमध्ये दोनशे सामनेही खेळत नाहीत. अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टवर केड मॅसी आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी केलेल्या अभ्यासातही असेच काहीसे दिसले होते: एकाच जागी खेळणाऱ्या, लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला खेळाडू खरोखर सरस निघण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम थोडी जास्त होती. खेळ वेगळा असला तरी अठरा-वीस वर्षांच्या मुलांचे भविष्य वर्तवण्याची अडचण तीच आहे.

पठार सपाट असेल तर त्यावर एक जागा पुढे जाण्यासाठी किंमत मोजण्यापेक्षा मागे सरकून दोन निवडी पदरात पाडणे फायद्याचे, हे ओघानेच येते. समजा, ऐंशीव्या क्रमांकाचा खेळाडू यशस्वी होण्याची शक्यता २० टक्के आहे आणि तो क्रमांक देऊन मिळणाऱ्या दोन नंतरच्या निवडींची प्रत्येकी १५ टक्के. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. दोन्ही मुले अपयशी ठरण्याची शक्यता ०.८५ गुणिले ०.८५, म्हणजे सुमारे ७२ टक्के. म्हणून निदान एक तरी यशस्वी होण्याची शक्यता जवळपास २८ टक्के होते. मग टँपाने उलटा व्यवहार का केला? आलेख सरासरी सांगतो, समोर उभ्या असलेल्या विशिष्ट मुलाबद्दल काहीच सांगत नाही. एखाद्या संघाच्या यादीत कोणी चाळिसावा असेल आणि तो एकोणऐंशीव्या जागेपर्यंत शिल्लक असेल, तर त्याच्यासाठी सातव्या फेरीची निवड देणे, जिच्यातून बहुधा काहीच हाती लागत नाही, हा स्वस्त सौदा आहे. ठरावीक खेळाडूवर दृढ विश्वास नसेल तर मागे सरकावे आणि तसा विश्वास असेल तरच पुढे जावे, असा माझा निष्कर्ष आहे. केवळ अस्वस्थतेपोटी पुढे जाणारे संघ आपल्या हातातली निवड वाया घालवतात.

पण मधल्या फेरीतील सर्वांत मोलाचा विचार यापुढचा आहे आणि चाहत्यांच्या वादात तो क्वचितच येतो. समजा, दोन मुले उपलब्ध आहेत. एक उंच, मेहनती, शिस्तबद्ध. तो चौथ्या ओळीत, म्हणजे आळीपाळीने बर्फावर उतरणाऱ्या आघाडीच्या चार तुकड्यांपैकी शेवटच्या तुकडीत, दहा मिनिटे खेळणारा खेळाडू होईल अशी बरी शक्यता आहे, पण त्यापलीकडे जाण्याची जवळपास नाही. दुसरा लहानखुरा, कल्पक, पायांत वेग कमी. तो बहुधा कुठेच पोहोचणार नाही, पण पोहोचला तर पहिल्या ओळीत खेळेल. ‘कोण लीगमध्ये खेळण्याची शक्यता जास्त?’ असे विचारले तर उत्तर पहिला मुलगा असे येते. मात्र चौथ्या ओळीचा खेळाडू दर उन्हाळ्यात किमान वेतनावर मोकळ्या बाजारात मिळतो. म्हणजे पहिला मुलगा यशस्वी झाला तरी संघाला जे मिळते ते जवळपास फुकट मिळण्यासारखेच होते, आणि दुसरा अपयशी ठरला तरी नुकसान तेवढेच, म्हणजे जवळपास शून्य. तळ दोघांचा एकच आहे. फरक फक्त छताच्या उंचीत आहे. म्हणून येथे अनिश्चितता हा दोष न राहता गुण ठरतो. २००५ नंतर लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे आणि नवख्या खेळाडूच्या पहिल्या कराराची रक्कमही नियमाने बांधलेली आहे, त्यामुळे पहिल्या ओळीचा खेळाडू अशा स्वस्त करारावर मिळाला तर वाचलेला पैसा दुसऱ्या ताऱ्यावर खर्च करता येतो. संघबांधणीत याहून मोठा लाभ क्वचितच कोणता असेल.

अर्थात, उंच छत ओळखायचे कसे, हा कठीण भाग आहे. पॉइंटने २०१३-१४ मध्ये वेस्टर्न हॉकी लीग या किशोरांच्या ज्युनियर स्पर्धेतील मूस जॉ वॉरियर्स संघाकडून ७२ सामन्यांत ९१ गुण मिळवले होते. गोल आणि गोलासाठी दिलेले पास यांची ती बेरीज. उंची आणि स्केटिंग हे त्याचे उणे मुद्दे मानले गेले. यातला भेद मला महत्त्वाचा वाटतो: उंची शिकवता येत नाही, स्केटिंग बऱ्याच अंशी शिकवता येते. टँपाकडे स्केटिंगच्या मार्गदर्शक म्हणून बार्बरा अंडरहिल होत्या, ज्या १९८४ मध्ये जोडी फिगर स्केटिंगच्या जगज्जेत्या ठरल्या होत्या, आणि त्यांनी पॉइंटच्या पायांवर काम केले. बर्फावर पुढे काय घडणार हे आधी ओळखणारी नजर अठराव्या वर्षानंतर कोणी दिल्याचे फारसे ऐकिवात नाही. म्हणून ज्याचा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे आणि ज्याचा गुण शिकवून येत नाही, असा मुलगा मधल्या फेरीत शोधावा, हे मला पटते.

आकड्यांवर मात्र बेतानेच विश्वास ठेवला पाहिजे. ज्युनियर लीगमधील एखाद्या खेळाडूने हंगामात २०० फटके मारले आणि त्याची खरी क्षमता १५ टक्के फटक्यांचे गोल करण्याची असेल, तर सरासरी ३० गोल अपेक्षित आहेत. परंतु निव्वळ योगायोगाने या संख्येत सुमारे पाच गोलांचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार) येते, म्हणजे तोच मुलगा, तीच क्षमता, आणि एका हंगामात २५ तर दुसऱ्यात ३५ गोल होणे यात काहीही आश्चर्य नाही. चाहते ३५ गोलवाल्याला उगवता तारा आणि २५ गोलवाल्याला घसरलेला खेळाडू म्हणतात. फटके, पास आणि गोलसंधी यांची संख्या मोठी असल्याने ती अधिक स्थिर असते, आणि म्हणूनच विश्लेषक गोलांपेक्षा त्यांच्याकडे अधिक पाहतात. शिवाय वेगवेगळ्या लीगचा दर्जा सारखा नसतो, म्हणून स्वीडनमधील गुण आणि ओंटारियोतील गुण एकाच मापात आणण्यासाठी प्रत्येक लीगला एक गुणक देण्याची पद्धत गॅब्रिएल डेजार्डिन यांनी रूढ केली. ती ढोबळ आहे, तरीही नुसत्या डोळ्यांच्या अंदाजापेक्षा बरी.

डोळ्यांचा अंदाज कसा फसतो याचा सर्वांत ठसठशीत पुरावा जन्मतारखेत सापडतो. कॅनडात बालवयोगट १ जानेवारीपासून मोजले जातात, त्यामुळे एकाच गटात जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. दहाव्या वर्षी हे अंतर आयुष्याच्या दहाव्या हिश्शाएवढे असते. मोठा मुलगा उंच व बलवान दिसतो, वरच्या संघात निवडला जातो, त्याला चांगले प्रशिक्षक मिळतात. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्स्ली आणि सहकाऱ्यांनी हा परिणाम १९८५ मध्ये मांडला. पुढे रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८० ते २००७ मधील ड्राफ्ट तपासून २०१३ मध्ये दाखवले की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले कॅनेडियन खेळाडू त्यांच्या पुढील कामगिरीला साजेशा जागेपेक्षा ४० हून अधिक क्रमांक उशिरा निवडले गेले होते, आणि एकाच क्रमांकावर निवडल्या गेलेल्यांची तुलना केली तर ४०० सामने किंवा २०० गुण यांसारखे टप्पे गाठण्याची त्यांची शक्यता पहिल्या तिमाहीतील खेळाडूंच्या सुमारे दुप्पट होती. चाळीस क्रमांक म्हणजे सव्वा फेरीहून जास्त. वर्षानुवर्षे हा कल सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही त्या काळात तो कमी झाला नाही. पॉइंट स्वतः मार्चमध्ये जन्मलेला आहे, तेव्हा हा नियम एकेका खेळाडूवर लादता येत नाही. पण दोन सारख्याच वाटणाऱ्या मुलांपैकी एक नोव्हेंबरचा असेल, तर मी त्याच्या बाजूने झुकेन.

यशोगाथा सांगताना एक सावधगिरी बाळगावी लागते. डेट्रॉइट रेड विंग्जने १९९८ मध्ये पावेल दात्सुकला १७१ व्या आणि १९९९ मध्ये हेन्रिक झेटरबर्गला २१० व्या क्रमांकावर घेतले, आणि त्यांचे युरोपातील स्काउट हाकान अँडरसन यांचे त्यासाठी रास्त कौतुक होते. तरी दात्सुकच्या आधी त्याच ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने इतर अनेकांना निवडले होते. तो इतका थोर होईल हे ठाऊक असते तर कोणीही सहाव्या फेरीपर्यंत थांबले नसते. इतर संघांपेक्षा त्यांची नजर थोडी जास्त दूरवर जात होती, एवढेच त्यावरून म्हणता येते. गोलरक्षकांच्या बाबतीत ही धूसरता आणखी वाढते, कारण ते फार उशिरा परिपक्व होतात: कॉनर हेलेबक २०१२ मध्ये १३० वा, इगोर शेस्टरकिन २०१४ मध्ये ११८ वा, आणि पॉइंटच्या अगदी आधी, ७८ व्या क्रमांकावर, न्यूयॉर्क आयलंडर्सने घेतलेला इल्या सोरोकिन. म्हणून गोलरक्षकावर पहिली फेरी खर्च करण्यापेक्षा मधल्या फेरीत दरवर्षी एक घेत राहणे मला शहाणपणाचे वाटते.

त्यात वाट पाहण्याची मुदतही धरावी लागते. आतापर्यंतच्या नियमांनुसार कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून घेतलेल्या मुलाशी साधारण दोन वर्षांत करार करावा लागे, तर अमेरिकेतील कॉलेजात खेळणाऱ्याची वाट चार वर्षे पाहता येई. उशिरा उमलणाऱ्या खेळाडूसाठी ही जास्तीची वर्षे अनमोल असतात, पण त्यात धोकाही असतो: २०१६ मध्ये ६६ व्या क्रमांकावर कॅल्गरी फ्लेम्सने घेतलेल्या अ‍ॅडम फॉक्सने त्यांच्याशी करार केलाच नाही, त्याचे हक्क दोनदा हस्तांतरित झाले, आणि २०२१ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने न्यूयॉर्क रेंजर्सकडून जिंकला. ऑगस्ट २०२५ पासून ज्युनियर लीगच्या खेळाडूंनाही कॉलेजच्या संघात खेळता येऊ लागले आहे. त्यामुळे अठरा ते बावीस या वयातील मुले आता एका लीगमधून दुसरीत अधिक मोकळेपणाने जातील, जुने गुणक नव्याने काढावे लागतील, आणि कोणत्या वाटेवरून उशिरा उमलणारे खेळाडू वर येतात हे जो संघ आधी मोजेल त्याला तिसऱ्या-चौथ्या फेरीत काही वर्षे तरी आघाडी मिळेल.