अस्वलाच्या शिकारीला येताय? मग आधी हे वाचा

बुकिंग झालं की बहुतेकांचा पहिला प्रश्न, रायफल कुठली आणू? त्यावर फोनवर निवांत बोलू, पण ट्रिप फसते ती रायफलमुळे नाही तर कागदांमुळे नाहीतर अस्वल नीट न ओळखल्यामुळे.

लायसन्स वेगळं आणि टॅग, म्हणजे अस्वल मारायची परवानगी-चिठ्ठी, वेगळा. टॅगवर जो भाग आणि जो सीझन लिहिलाय तेवढाच तुमचा, ओढ्यापलीकडचं अस्वल कितीही मोठं असलं तरी ते तुमचं नाही. नियम जागेगणिक बदलतात, म्हणजे अमेरिकेतल्या अलास्का राज्यात बाहेरच्या माणसाला तपकिरी अस्वलासाठी लायसन्सवाला गाइड नाहीतर तिथलाच जवळचा नातेवाईक सोबत लागतो, आणि अमेरिकन नागरिक नसाल तर काळ्या अस्वलालाही गाइड हवाच. आमिष लावणं काही ठिकाणी परमिट घेऊन चालतं, मोंटाना राज्यात अजिबात नाही. मित्राने पाच वर्षांपूर्वी सांगितलेल्या नियमावर जाऊ नका प्लीज.

आता ओळख. रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका, काळं अस्वल चक्क तपकिरी किंवा दालचिनी रंगाचंही असतं. ग्रिझली म्हणजे तपकिरी अस्वलच, त्याच्या खांद्यावर उंचवटा असतो, चेहरा बाजूने बशीसारखा खोलगट दिसतो, कान छोटे गोल आणि पुढची नखं लांबलचक. एकच खूण बघून ठरवायचं नाही, सगळ्या जुळवायच्या. अलास्का सोडून बाकी अमेरिकेत ग्रिझलीला १९७५ पासून कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे इथे "मला वाटलं" चालत नाही. मोंटानात तर काळ्या अस्वलाच्या शिकाऱ्याला ओळखीची टेस्टच द्यावी लागते.

आणि पिल्लं! एकटी वाटणारी मादी एकटी असेलच असं नाही, पिल्लं झाडावर किंवा गवतात असतात, म्हणून दुर्बिणीतून बराच वेळ बघत बसायचं, कंटाळा आला तरी. शंका राहिली तर आमचा गाइड नाही म्हणणार, तिथे वाद घालू नका, तसं बुकिंगच्या अटींतही लिहिलंय.

अस्वल आडवं उभं असताना, जवळचा पुढचा पाय पुढे असताना खांद्यामागे नेम धरायचा. समोरून किंवा डोक्यावर नको. दाट केस आणि चरबीमुळे रक्त जमिनीवर फारसं पडत नाही, त्यामुळे माग काढणं अवघड जातं. गोळी लागल्यावर निदान अर्धा तास थांबायचं, मग जायचं ते गाइडसोबतच, एकट्याने झुडपात अजिबात नाही.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवून लावायचा तिखट फवारा, कमरेला हवा, सॅकमध्ये नको. विमानात तो हँडबॅग किंवा चेक-इन कशातच चालत नाही, म्हणून तिथे पोचल्यावरच घ्यायचा.

कातडी लगेच काढून थंड करायची, नाहीतर केस गळतात. अलास्कात तपकिरी अस्वलाची कातडी आणि कवटी ३० दिवसांत वन्यजीव खात्याला दाखवून त्यावर अधिकृत सील लावून घ्यावं लागतं आणि नर की मादी याचा पुरावा तोवर कातडीला तसाच ठेवायचा. देशाबाहेर न्यायचं तर साइटीसचं (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचं) परमिट लागतं, त्याला वेळ लागतो, आधीच सांगा.

मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजवा, थर्मामीटर लावून. त्यात ट्रिकिनेला नावाचे जंत असू शकतात आणि थंड प्रदेशातली त्यांची जात फ्रीझरमध्येही मरत नाही.