गाणं लावून काम होतं का?

कामाच्या वेळी संगीत लावलं की मन प्रसन्न राहतं आणि कामही भराभर उरकतं, असं सर्रास सांगितलं जातं. पहिल्या भागात तथ्य आहे. दुसरा मात्र काम कुठलं त्यावर अवलंबून.

अंगावर काटा आणणारं गाणं ऐकताना मेंदूत डोपामिन हे आनंदाशी निगडित रसायन स्रवतं, हे मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं. गंमत म्हणजे गाण्यातली आवडती जागा यायच्या आधीच, नुसत्या चाहुलीनं हा स्राव सुरू होतो. अशी चाहूल लागायला गाणं मनाजोगतं हवं. सगळ्या कार्यालयासाठी स्पीकरवर एकच यादी लावली की काहींना ते संगीत, बाकीच्यांना बंद न करता येणारा गोंगाट. आवाजावर आपला ताबा नसणं हाच एक ताण असतो.

आता कामाकडे. मजकूर वाचताना किंवा आकडे जुळवताना आपण ते मनात घोळवतो. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेल्या, काम करताना लागणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीच्या प्रारूपानुसार ऐकलेल्याचा ठसा दोनेक सेकंदांत पुसट होतो; टिकवायचा तर मनात पुनःपुन्हा उच्चारावा लागतो. कानावर पडणारे शब्द मात्र न विचारता आत शिरतात. आवाज सतत बदलता असेल तर मेंदू त्याचाही क्रम आपोआप लावतो आणि आपण जपलेला आकड्यांचा क्रम विस्कटतो. म्हणून एकसुरी घरघर फारशी नडत नाही, शब्द असलेलं गाणं नडतं, अगदी न कळणाऱ्या भाषेतलंही. नुसती वाद्यं तुलनेनं कमी त्रास देतात. आवाज थोडा कमी करूनही फरक पडत नाही, कारण अडचण मोठेपणाची नाही, बदलाची आहे.

‘४३२ हर्ट्झला सूर जुळवलेलं संगीत निसर्गाशी मेळ साधून ताण घालवतं’ हा दावा मात्र थोतांड. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवर्तनं, आणि सेकंद माणसानंच ठरवलेला. त्या आकड्यात निसर्गाचं गुपित कुठून येणार?

तेव्हा लेखन, हिशेब, मुद्रितशोधन यांना शांतता द्यावी किंवा पंख्यासारखा एकसारखा आवाज. गाणी सवयीच्या, हातांच्या कामाला ठेवावीत. अवघड कामाआधी किंवा मधल्या सुट्टीत दहा-पंधरा मिनिटं स्वतःच्या आवडीचं ऐकावं. सहकाऱ्यांनी मिळून गायलं तर उत्तमच. एकत्र गाण्यानं अनोळखी माणसांतही जवळीक लवकर येते. हेडफोन वापरत असाल तर जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८६ डेसिबलला उरतात फक्त १० तास.