पद्य-कादंबरी म्हणजे कवितासंग्रह नव्हे

दादरच्या एका दुकानात थान्हा लाय यांची 'इनसाइड आउट अँड बॅक अगेन' ही पद्य-कादंबरी, म्हणजे कवितांमधून सलग कथा सांगणारी कादंबरी, पुन्हा कवितेच्याच कप्प्यात खोचलेली. तिला 2011 साली अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, तोही कवितेच्या नव्हे, किशोरसाहित्याच्या विभागात. वाचनकट्ट्यांवरही तीच तऱ्हा. कुणीतरी मधलंच पान उघडून वाचतं आणि निकाल देऊन मोकळं होतं: "यात काव्य कुठाय? गद्यच तोडून लिहिलंय." कादंबरीतला एक परिच्छेद वाचून असं कुणी बोलतं का?

कवितासंग्रह काय असतो ते सांगत बसत नाही. वृत्त-यमकाचा वादही सोडा. रशियन कवी पुश्किनची 'येवगेनी अनेगिन' चौदा ओळींच्या यमकबद्ध कडव्यांत आहे, लाय यांची मुक्तछंदात, दोन्ही पद्य-कादंबऱ्याच.

खरी गोची वेगळी आहे. संग्रहातली कविता तिथल्या तिथे हिशेब चुकता करते. पद्य-कादंबरीतली उधारी ठेवते. इथली पपईच बघा. दहा वर्षांची नायिका व्हिएतनाममधल्या सायगावात परसातल्या पपईवर डोळा ठेवून असते. 1975च्या एप्रिलमध्ये युद्धात शहर उत्तर व्हिएतनामच्या हाती पडतं, घर सुटतं, कुटुंब अमेरिकेतल्या अलाबामात येऊन पडतं. तिथे एक भली बाई तिला कौतुकाने वाळवलेली, साखरेत घोळलेली पपई देते आणि पोरगी ती कचऱ्यात टाकते. एवढीच कविता वाचली तर काय दिसतं? खाण्यावरून रुसलेलं हट्टी कार्टं. सायगावची पानं वाचून आलेल्याला मात्र तिथे आवंढा गिळवत नाही. ही पोर ना तिथली उरली ना इथली झाली, हे कविता कुठेच सांगत नाही; आधीच्या पानांच्या जोरावर ते आपल्याला कळतं. "ओळी साध्याच आहेत" ही तक्रार म्हणून मला पटत नाही. साध्या आहेत म्हणूनच कथा अडत नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न: "मग गीतरामायण?" छप्पन्न गाणी, सलग कथा, हे खरंच. पण ती कथा आपल्याला लहानपणापासून पाठ असते, त्यामुळे रेडिओवर मधलंच गाणं लागलं तरी काही अडत नाही. सायगावच्या या पोरीची कथा आपल्याला कुणी आधी सांगितलेली नसते.

तेव्हा कट्ट्यावर ही वाचायचीच असेल तर पहिल्या पानापासून, टेट या व्हिएतनामी नववर्षापासून सुरू करा. पुस्तक पुढच्या टेटला संपतं. आणि 'निवडक ओळी' काढून स्टेटसला ठेवणं तेवढं बंद करा.