कागदावर मर्क्युरी, खाली रॅक मस्टँगची

अमेरिकेत एखाद्या कस्टम केलेल्या १९४९ च्या मर्क्युरीची पॉवर स्टिअरिंग रॅक (डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारी दातेरी दांडी) गळायला लागली, की मालक स्पेअर पार्टच्या दुकानात जातो. काउंटरवर पहिलं विचारतात ते गाडीचं साल, आणि तिथेच गाडं अडतं. कारण त्या मर्क्युरीला कारखान्यातून रॅक आलीच नव्हती, आला होता तो स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे गिअरांची पेटी.

रॅक-पिनियन, म्हणजे ही दांडी आणि तिला सरकवणारं छोटं दातेरी चाक, तेव्हा मुख्यतः युरोपातल्या गाड्यांत दिसायची. सित्रोएनच्या त्राक्स्यों आव्हांला ती १९३६ मध्ये बसली, ब्रिटिश मॉरिस मायनर तर १९४८ मध्ये ती घेऊनच बाजारात आली. पॉवर स्टिअरिंग मात्र अमेरिकेत वाढलं. पिअर्स-ॲरोमध्ये ट्रकांचं काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२६ मध्ये ते चालवून दाखवलं. जनरल मोटर्सला ते महाग वाटलं. महायुद्धात लष्करी वाहनांना त्याचा उपयोग झाला, पण सामान्य गिऱ्हाइकाला ते मिळालं १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये.

जुन्या गाड्या कापून-जोडून नव्या करणाऱ्यांनी त्यानंतर बरंच काही करून पाहिलं. कोणी पुढची चासी कापून कॅमेरोची जोडली, कोणी शेव्हरोले व्हेगाचा स्टिअरिंग बॉक्स बसवला. खरा बदल झाला तो १९७४ च्या फोर्ड मस्टँग टूमुळे. फोर्डच्याच पिंटो या छोट्या गाडीच्या धर्तीवरची ही छोटी मस्टँग तेलटंचाईच्या तोंडावर आली, पहिल्याच वर्षी ३,८५,९९३ विकल्या गेल्या, आणि मस्टँगच्या चाहत्यांनी तिला आजवर नावं ठेवली. मला विचाराल तर तिची पुढची बाजू त्या काळच्या महागड्या गाड्यांपेक्षा कामाची होती. आटोपशीर क्रॉसमेंबर (चासीची आडवी तुळई), स्वतंत्र सस्पेन्शन, एक्सलच्या पुढे बसलेली रॅक, आणि भंगारात मुबलक माल. पुढे तोच संच नवा बनवून विकायला लागले. आज ‘मस्टँग टू फ्रंट एंड’ म्हणून जे मिळतं, त्यात त्या गाडीचा एकही मूळ भाग नसू शकतो.

त्यातही मिसळ झाली. त्याच क्रॉसमेंबरवर काहींनी ऐंशीच्या दशकातल्या फोर्ड थंडरबर्डची पॉवर रॅक चढवली. १९५५-५७ च्या शेव्हींना (शेव्हरोलेंना) त्याच कंपनीच्या कॅव्हेलिअरसारखी, मधोमध टायरॉड (रॅकपासून चाकापर्यंतच्या दांड्या) जोडायची रॅक लावायचे किट निघाले. त्यात गाडी वळायला जागा जास्त लागते अशी तक्रार जुनीच आहे.

त्यामुळे ओळख पटवायची ती गाडीखाली झोपून, हातात टेप घेऊन. रॅक एक्सलच्या पुढे आहे की मागे? स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की पुढची रॅक डावीकडे सरकते, मागची उजवीकडे. चुकीची बसवली तर चाकं उलटी वळतील. मग बसवायच्या बोल्टांमधलं अंतर, पिनियनच्या शाफ्टवरचे दाते, टायरॉडचे आटे. मस्टँग टूच्या साध्या, बिनपॉवरच्या रॅकचा शाफ्ट ९/१६ इंची, २६ दात्यांचा. टायरॉडच्या दोन आतल्या सांध्यांमधलं अंतर तर मोजलंच पाहिजे. ते सस्पेन्शनच्या खालच्या आर्मच्या सांध्यांशी जुळलं नाही, तर खड्ड्यात चाक आपलं आपण वळतं. हे जुळत नसेल तर रॅक फुकट मिळाली तरी घेऊ नये.

रॅकच्या टोकावरच्या रबरी बूटची (आवरणाची) पट्टी सोडून बूट किंचित मागे सरकवला आणि आतून तेल ओघळलं, तर आतलं सील गेलं. तिथे रॅक बदलणं आलंच. पण स्टिअरिंग नुसतं हलकं, नको तितकं चपळ झालं असेल तर आधी रॅकला दाबाचं तेल पुरवणारा पंप पाहावा. या गाड्यांत इंजिन बहुधा शेव्हीचं, त्याला जनरल मोटर्सचा सॅगिनॉ पंप, आणि रॅक फोर्डच्या वळणाची. तिला सोसवेल त्याहून जास्त प्रवाह आणि दाब तो पंप देतो. प्रवाह कमी करणारा छोटा व्हॉल्व्ह बसवला की काम भागतं, आणि चांगली रॅक विनाकारण उतरवावी लागत नाही.